शहापूरची पेठ आणि आसनगावचे स्टेशन

कल्याण, भिवंडी, मुंब्रा इथल्या आपल्या लोकांत गेली काही वर्षे एक प्रश्न वारंवार निघतो. भाड्याच्या खोलीतून बाहेर पडायचे आहे, कल्याणात घर घेणे आवाक्याबाहेर गेले आहे, मग कसारा लाइनवर पाहायचे का? आणि पाहायचे तर कुठे? शहापूर गावात, बाजाराच्या गर्दीत, की आसनगाव स्टेशनच्या बाजूला उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत? मध्येच कुणीतरी मुरबाडचे नाव काढतो. तिथे हवा चांगली, जागा मोकळी, पण रेल्वे नाही. मग चर्चा चहाच्या दुसऱ्या कपावर जाते आणि प्रत्येक जण आपापला हिशोब मांडू लागतो: लोकल किती वाजताची, हप्ता किती, शाळा कोणती, मशीद किती लांब.

हिशोब बरोबरच असतो. पण तो मांडताना आपण असे धरून चालतो की गजबजलेले गाव आणि शांत वसाहत या दोन गोष्टी आपोआप तयार झाल्या आहेत, आपण फक्त निवड करायची आहे. शहापूर आणि आसनगाव वेगळे कसे झाले, याला मात्र इतिहास आहे, आणि तो बराचसा तारखांनिशी सांगता येतो.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये धावली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. पुढचे सहसा कुणी सांगत नाही. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले. १८५५ च्या ऑक्टोबरात ते वासिंदपर्यंत आले आणि तिथेच थांबले. चार वर्षांहून अधिक थांबले. वासिंद ते आसनगाव हा जेमतेम सहा-सात किलोमीटरचा तुकडा सुरू व्हायला १८६० चा फेब्रुवारी उजाडला. त्यानंतर १ जानेवारी १८६१ ला गाडी कसाऱ्याला गेली आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोचायला १८६५ साल लागले.

म्हणजे १८६० मध्ये सुमारे अकरा महिने आसनगाव हे नाशिककडे जाणाऱ्या लाइनचे शेवटचे स्टेशन होते. पुढे रूळ नव्हते. नाशिक-खानदेशाकडून उतरणारा माल बैलगाडीवरून इथवर यायचा आणि मुंबईहून आलेला इथे उतरून गाडीवर चढायचा. आज ज्या स्टेशनच्या आसपास ‘निसर्गाच्या सान्निध्यात शांत जीवन’ असे फलक लागले आहेत, ते काही महिने तरी बैल, गवत, पोती आणि हमाल यांच्या गोंधळाचे ठिकाण होते. शांतता ही त्या जागेची जन्मजात खूण नाही. रूळ पुढे सरकले, काम पुढे गेले, आणि मागे एक लहानसे स्टेशन राहिले.

शहापूर त्याआधीचे. माहुली किल्ल्याच्या पायथ्याच्या मुलखातले, आग्रा रोडवरचे. जुन्या दप्तरात या सगळ्या भागाला कोळवण म्हणत. (नावातला ‘शहा’ पाहून काही जण उत्साहाने एखादा बादशहा शोधू लागतात. नावावरून इतिहास उभा करण्याची सवय आपल्याकडे दोन्ही बाजूंना आहे. मी त्या वाटेने जाणार नाही.) माहुलीचा इतिहास मात्र ठळक आहे. १६३६ मध्ये निजामशाहीचा बालराजा सोबत घेऊन शहाजीराजे याच किल्ल्यावर होते, आणि मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यानंतर निजामशाही इथेच संपली. नगरची सुलतानी वाचवण्यासाठी शेवटपर्यंत लढणारा सरदार मराठा, आणि वेढा घालणाऱ्यांत एका बाजूला दिल्लीचे लष्कर, दुसऱ्या बाजूला विजापूरचे. हिंदू विरुद्ध मुसलमान अशा दोन रंगांत दख्खन रंगवणाऱ्यांना माहुलीवर आल्यावर रंग पुरत नाहीत.

किल्ल्याचे महत्त्व गेले तरी रस्त्याचे राहिले. इंग्रजी अमलात शहापूर तालुक्याचे ठाणे झाले. मामलेदार कचेरी, न्यायालय, बाजार तिथे. रेल्वेचे लक्ष मात्र थळ घाटाकडे होते. रूळ गावातून गेले नाहीत, बाजूने गेले, आणि स्टेशन दोन-तीन किलोमीटरवर आसनगावला पडले. तेव्हापासून एका गावाची दोन टोके झाली. सातबारा, तारीख, बाजार, दवाखाना यांसाठी शहापूर. मुंबईला जायचे असेल तर आसनगाव. मधले अंतर पूर्वी टांग्याने, आता शेअर रिक्षाने. आज आपण ज्याला ‘गाव की उपनगर’ म्हणतो, तो पेच १८६० मध्ये घातला गेला. आसनगावाला उपनगर म्हणून लोक ओळखू लागले ते मात्र फार उशिरा, कल्याण-डोंबिवली भरून वाहू लागल्यावर.

मुरबाडची गोष्ट उलटी आहे. तिथे रेल्वे आलीच नाही, पण रस्ता शहापूरच्या रस्त्याहून कितीतरी जुना. जुन्नरहून नाणेघाट उतरला की खाली मुरबाड तालुका आणि पुढे कल्याण बंदर. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात देशावरचा माल याच वाटेने समुद्राकडे जात होता. घाटातल्या लेण्यात नागणिकेचा शिलालेख आहे, त्यात यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे कोरले आहेत. आपल्या अंकलेखनाच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. अशा वाटेवरचे मुरबाड पुढे मागे पडले, कारण एकोणिसाव्या शतकात रूळ थळ आणि बोर या दोन घाटांनी गेले आणि नाणेघाट गिरिभ्रमण करणाऱ्यांसाठी उरला. नंतर माळशेजचा मोटाररस्ता झाला, एमआयडीसी आली. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी कैक निवडणुका पाहून झाली आहे. तोवर मुरबाडकर कल्याणच्या एसटीतच उभा आहे. त्यामुळे मुरबाडला वेगळे उपनगर फुटलेच नाही. बाजारही तिथेच, निवांतपणाही तिथेच, चार गल्ल्या सोडून. म्हशाची यात्रा पौषात भरते तेव्हा तालुक्यात बैलांचा आणि माणसांचा महापूर असतो, आणि महिन्याभरात सगळे पुन्हा सामसूम.

आता पेठेकडे वळू, कारण माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या पेठा कशा वसल्या? जिथे गाड्या मुक्कामाला थांबत तिथे वाण्याचे दुकान आले, शेजारी सोनार, शिंपी, कासार. त्याच रांगेत अत्तार, मणियार, तांबोळी, बागवान, पिंजारी. हे सगळे मुसलमान धंदे. कोकणपट्टीत त्यात कल्याण-भिवंडीकडचे कोकणी मुसलमान भात, गवत आणि लाकडाच्या व्यापाराने जोडले गेले. बांगड्या भरायला मणियारणीकडेच जावे लागे, गादी पिंजाऱ्याकडूनच पिंजून घ्यावी लागे. एकमेकांवर प्रेम होते म्हणून लोक एका रांगेत राहत होते असे नाही. एकमेकांवाचून अडत होते म्हणून राहत होते. मला हे प्रेमापेक्षा टिकाऊ वाटते. प्रेमाची हवा एका भाषणाने बदलते; अडणे इतक्या सहज बदलत नाही.

अर्थात पेठेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरायची नाही. ही रांग सगळ्यांसाठी नव्हती. दलित वस्ती गावकुसाबाहेर, आणि पाण्याचा हक्क मागण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. शहापूर-मुरबाडमध्ये ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी हे इथले मूळ रहिवासी. पेठ त्यांच्याकडून लाकूड, मोळ्या, डिंक, मोहाची फुले घ्यायची आणि उधारीच्या वहीत त्यांना अडकवायची. त्या वह्या लिहिणाऱ्यांत आपल्यातलेही होते. तेव्हा जुन्या गावाला जन्नत करून टाकू नका. माझे म्हणणे एवढेच की पेठेत जो होता तो दिसत होता. त्याचे नाव, धंदा, बापाचे नाव माहीत होते, भांडण झाले तर मध्ये पडणारे चार जण होते.

शांत वसाहत ही कल्पना दुसऱ्याच मुशीतून आली. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. दाटीच्या वस्त्यांना दोष देण्यात आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. मांडवी, नागपाडा, भेंडीबाजाराकडची दाटी कमी करायची आणि उत्तरेला मोकळ्या हवेत नव्या वसाहती वसवायच्या, असा बेत होता. दादर-माटुंग्याची आखणी त्यातून झाली: रुंद रस्ते, झाडे, घरांमध्ये अंतर. आजही तो भाग सुंदर आहे. पण नावे पाहा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. त्याच सुमारास सहकारी गृहनिर्माण सुरू झाले. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सोसायटी, १९१८ मध्ये वांद्र्याला कॅथलिकांची सोसायटी. मध्यमवर्गाला भाडेकरूचा घरमालक करणारे हे मोठे काम होते, त्यात शंका नाही. त्याचबरोबर मुंबईत शांत उपनगराचा पाया घातला गेला तोच जात आणि जमात पाहून. पुढे २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारी पोटविधी वैध ठरवली. कायद्याने जे उघडपणे करता येते ते थोडेच. बाकीचे न लिहिता होते. नाव ऐकल्यावर फ्लॅट अचानक ‘बुक झालेला’ असतो, हा अनुभव या लेखाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

१९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईच्या मिश्र वस्त्यांतून हजारो मुस्लिम कुटुंबे उठली आणि मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. त्यांनी गर्दी निवडली, गोंगाट निवडला, अरुंद गल्ली आणि पाण्याची रांग निवडली, कारण त्यात रात्रीची झोप होती. बाहेरचे लोक मुंब्र्याकडे पाहून ‘यांना असेच राहायला आवडते’ म्हणतात तेव्हा ते १९९३ चा जानेवारी वगळून बोलत असतात. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. वाचायचा त्यांनी वाचावा.

म्हणून आपल्या माणसापुढे ‘गजबजलेले गाव की शांत उपनगर’ हा प्रश्न दोन पर्यायांचा कधीच नसतो. पर्याय तीन असतात. आपल्यांची दाटी, दुसऱ्यांची शांतता, आणि जुनी मिश्र पेठ. तिसरा पर्याय आपल्या हिशोबातून निसटतो, कारण त्याची जाहिरात कुणी करत नाही. पेठेतल्या जुन्या घराला ब्रोशर नसते.

मला पेठ महत्त्वाची वाटते त्यामागे भाषेचेही कारण आहे. मोठ्या शहरांतल्या आपल्या मोहल्ल्यांत वाढणारी मुले हिंदी बोलतात, उर्दू थोडी वाचतात, आणि मराठी ही त्यांच्यासाठी परीक्षेची भाषा होते. नव्या सोसायट्यांतही फार वेगळे नाही. तिथे लिफ्टमध्ये हिंदी आणि घरात इंग्रजी कार्टून. शहापूर, मुरबाड, जव्हार, वाडा अशा गावांच्या बाजारात वाढलेल्या मुसलमान मुलाची मराठी त्याच्या शेजाऱ्याच्या मराठीहून वेगळी ओळखू येत नाही. ती त्याला कुणी शिकवलेली नसते. गल्ल्यावर बसून, जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी खाऊन, आठवडे बाजारात घासाघीस करून ती आलेली असते. आपण मराठी मुसलमान म्हणून जी ओळख सांगतो ती व्यासपीठांपेक्षा या बाजारांनी जास्त जपली आहे. हे बाजार सोडून आपण सगळे फ्लॅटमध्ये गेलो तर पुढच्या पिढीत असा ब्लॉग वाचणारे कोण राहतील, हा माझा स्वार्थी प्रश्नही त्यात आहे.

पण भाषेवर घर चालत नाही. व्यवहाराचे बोलू.

पहिली गोष्ट पाणी. शहापूर तालुक्याने मुंबईला १८९२ पासून पाणी पाजले आहे. त्या वर्षी तानसा धरण पूर्ण झाले. पुढे वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा एकूण साठा १४.४७ लाख दशलक्ष लिटर, त्यात एकट्या भातसाचा ७.१७ लाख, म्हणजे निम्मा. आणि ज्या तालुक्यात ही धरणे आहेत तिथले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या भावली धरणातून शहापूरला पाणी आणायची योजना आखावी लागली, यावरून काय ते समजा. मुरबाडच्या बाजूला बारवीचे तेच: धरण इथले, पाणी कारखान्यांना आणि शहरांना. आसनगावची टुमदार सोसायटी याच टंचाईच्या मुलखात उभी आहे. तिथली शांतता टँकरवर चालते का, हे पावसाळ्यात बाग दाखवणारा विक्रेता सांगणार नाही.

दुसरी गोष्ट, कारभार कुणाचा. शहापूर आणि मुरबाड गावांना २०१५ मध्ये नगरपंचायत मिळाली. आसनगाव ग्रामपंचायतीतच आहे. सहा-सात मजली इमारत आणि तिच्या कचऱ्याला, सांडपाण्याला जबाबदार ग्रामपंचायत, असा हा मेळ आहे. ग्रामपंचायती वाईट नसतात, पण त्या शेकडो फ्लॅटसाठी घडलेल्या नाहीत.

तिसरी, जमीन. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. १९७४ च्या कायद्यांनंतर तर चुकीने गेलेल्या जमिनी परत करण्याचीही तरतूद आहे. मुरबाडच्या आसपास स्वस्तात ‘बंगलो प्लॉट’ विकणारे बरेच आहेत. सातबारा आणि त्यामागचे फेरफार स्वतः वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका. हा केवळ पैसे बुडण्याचा धोका नाही. कुणाच्या तरी हिरावून घेतलेल्या जमिनीवर नमाज पढायची वेळ आपल्यावर येऊ नये.

चौथी, मरण. घर पाहायला गेलेला माणूस कब्रस्तानाची चौकशी करत नाही, त्याला अपशकुन वाटतो. पण नव्या वसाहतीच्या आराखड्यात बाग असते, क्लबहाऊस असते, दफनाची जागा नसते. जुन्या तालुक्याच्या गावात जमात असते, मय्यत झाली तर कबर खोदायला कुणाला बोलवायचे हे माहीत असते. सोसायटीत राहणाऱ्यालाही अखेर पेठेकडेच यावे लागते. मग ज्या जमातीच्या खांद्यावर आपण जाणार आहोत तिच्याशी जुम्म्यापुरती तरी ओळख ठेवायला हवी.

लोकलविषयी आसनगावची बाजू मान्य केली पाहिजे. सकाळी मुंबईला आणि रात्री परत, असे ज्याला रोज करायचे आहे त्याला स्टेशनपासून चालत अंतरावरचे घर म्हणजे रोजची पाऊण तास झोप. सीएसएमटी सुमारे ८५ किलोमीटरवर आहे, गाड्या कल्याणच्या पुढे विरळ होतात, पावसाळ्यात कसारा लाइन अडते आणि तिसऱ्या मार्गिकेचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. अशा माणसाला पेठेत राहा म्हणून उपदेश करणे हे घरी बसून लिहिणाऱ्याला शोभते, त्याला नाही. त्याने आसनगावला घ्यावे. ज्याचे दुकान, शिलाई, गॅरेज, वकिली किंवा शिक्षकी इथेच आहे त्याने मात्र पेठ सोडून स्टेशनकडे जाण्याचे मला कारण दिसत नाही. आणि ज्याला निवृत्तीनंतर खरोखर निवांत राहायचे आहे त्याने मुरबाड पाहावे; रेल्वे नसण्याचा जाच ज्याला नाही त्याला तिथे आजही बाजार आणि रान दहा मिनिटांच्या अंतरावर सापडतात.

एक बदल मात्र या सगळ्या हिशोबावरून जाणार आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. गोदामे आधीच भिवंडीकडून पुढे सरकत आहेत. रस्ता बदलला की गावाचे केंद्र हलते, हे नाणेघाटाच्या वेळी झाले, १८६० मध्ये झाले. आज जी वसाहत शांत म्हणून जास्त भावाने विकली जाते, तिच्या कुंपणाबाहेरून दहा वर्षांनी कंटेनर जात असतील, आणि आग्रा रोडची वाहतूक तिकडे वळल्यामुळे शहापूरच्या पेठेतच कदाचित दुपारी डुलकी घेता येईल.

तेव्हा घर पाहायला जायचेच तर जुलैच्या हिरवाईत जाऊ नका. मे महिन्यात जा, आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळच्या लोकलने, दिव्यावरून उभ्याने. आसनगावला उतरा, सोसायटी पाहा, टँकरचे टायर कुठे उमटलेत ते पाहा. मग शेअर रिक्षा करून शहापूरच्या बाजारात या, एखाद्या जुन्या दुकानाच्या पायरीवर चहा मागवा आणि दुकानदाराला विचारा, शेजारचे घर कुणाचे, आणि त्याच्या आधी कुणाचे होते.